कॅच कॅनमधलं पाणी

“हेडगॅस्केट गेलं का, वस्ताद? तेवढंच सांगा. पुढचं मी सोसेन.”

डॉ. त्र्यंबक सबनीसांनी दोन्ही हातांनी डबा पुढे केला. ॲल्युमिनियमचा, पेल्याएवढा. तळाशी ताकासारखं काहीतरी पांढुरकं डचमळत होतं.

वस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला. डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं.



मिरजेहून तासगावकडे निघालं की डाव्या हाताला अमीन शिकलगारांचं गॅरेज लागे. सत्तरीचा माणूस, इंजिनाला हात लावायच्या आधी कान लावणारा. आसपासच्या गावांत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. वस्ताद म्हटलं की झालं.

आणि सबनीसांनी अभियांत्रिकी महाविद्यालयात चौतीस वर्षं उष्मागतिकी शिकवली होती. इंजिनातली उष्णता कुठे कामी येते आणि कुठे वाया जाते, हे त्यांच्याकडून शिकून गेलेली मुलं आता स्वतः निवृत्तीला आली होती. याचा त्यांना अभिमान होता. पण स्वतःच्या उत्तरावर मात्र कधी भरवसा बसला नाही. उत्तरपत्रिका दोनदा तपासायचे, आणि तरी घरी जाऊन चुटपुटत राहायचे.

दिवाळी उरकली तेव्हा ते पहिल्यांदा इथे आले होते. हातात छापील कागदांची जाडजूड फाइल. टर्बोच्या इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ उठते, ती नळीवाटे पुन्हा आत ओढली जाते, झडपांवर काजळी धरते. त्या नळीच्या वाटेत एक डबा बसवायचा. तेल डब्यात अडकतं, इंजिनाला कोरडी हवा मिळते. कॅच कॅन म्हणतात त्याला. सबनीसांना तो हवा होता. आणि स्वतःच्या हाताने बसवायचा होता.

“नळी कुठं कापायची, ठाऊक हाय?” वस्तादांनी तेव्हा विचारलं होतं.

सबनीसांनी दाबाच्या फरकापासून सुरुवात केली. वीस मिनिटं बोलले.

“म्हंजे इथं,” वस्ताद म्हणाले, आणि खडूने रेघ ओढली.

डबा बसायला अख्खी दुपार गेली. सबनीसांनी नळी तीनदा मोजली. क्लिपा आवळल्या, सैल केल्या, पुन्हा आवळल्या. डब्याचं आत घेणारं तोंड कुठलं आणि बाहेर सोडणारं कुठलं, हे पाच वेळा विचारलं. पाचही वेळा वस्तादांनी तितक्याच शांतपणे इंजिनाकडे बोट दाखवलं. “श्वास इकडनं सुटतोय, सर.”

आता पौष लागला होता, आणि डब्यात हे आलं होतं.

“बोला हो,” सबनीस म्हणाले. “गॅस्केट फाटून पाणी तेलात उतरतंय ना? इंजिन खोलावं लागणार?”

“दोन महिन्यांत गाडी चालली किती?”

“रोज चालू करतो मी. सकाळी साडेसातला, पंधरा मिनिटं. एक दिवस चुकवलेला नाही.”

“चालू करायचं न्हाई विचारलं.”



“घरापासून इथवर... नऊ किलोमीटर.”

“आणि त्याच्या आधी?”

“डबा बसवला त्या दिवशी. इथून घरी.”

वस्तादांच्या मिशा हलल्या. “सर, ही गाडी हाय का देव्हारा? रोज पुसायचं, रोज ओवाळायचं... देवाला फिरवायचं मात्र न्हाई.”

सबनीस हसणार होते. पण त्यांची नजर पुन्हा डब्यात गेली, आणि त्यांना कळलं. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतंच. इंजिन पुरतं तापलं तर वाफ होऊन निघून जातं. तापलंच नाही तर आतच गारठतं, तेलात घुसळलं जातं. दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही सांगता आलं असतं.

“हे मी शिकवलंय,” ते पुटपुटले. “फळ्यावर आकृती काढून.”

“शिकवलं असंल की.”

“मग गॅस्केट...”

“धड हाय. इंजिनात खोट न्हाई, सर. हे उभं राहण्याचं पाणी हाय.”

सबनीसांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही.

“मग अर्धा तास चालू ठेवतो. नाहीतर पाऊण. किंवा डबा जरा मोठा बसवू...”

“टर्बो शेवटचा कधी ऐकलात?”



गाडी निनादची, सबनीसांच्या मुलाची. हायवेला लागला की तो ॲक्सिलरेटर दाबायचा आणि बॉनेटखालून टर्बोची एक बारीक शीळ उठायची. “ऐका, बाबा!” तो म्हणायचा. “हळू रे, हळू,” ते दर वेळी म्हणायचे. त्या हळू-हळूत शीळ त्यांनी कधी पुरती ऐकलीच नाही. सहा वर्षांपूर्वी तो कॅनडाला गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला, गाडी सांभाळा म्हणाला. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, “बाबा, विकून टाका ना ती आता.”

“आवाज तुटतोय रे,” म्हणून सबनीसांनी फोन ठेवला होता.

आवाज स्वच्छ येत होता.

“सहा वर्षं झाली,” ते म्हणाले. “अंगणात उभ्या गाडीचा टर्बो बोलत नाही.”

“कशाला बोलंल? तासगाव गाठा. गाडीचं अंग गरम वाटलं तर पुढं विट्यापर्यंत.”

“आणि घासली कुठे तर? ठोकली तर?” सबनीसांचा आवाज चढला. “तो आल्यावर काय दाखवू मी त्याला? जशीच्या तशी ठेवली तर निदान म्हणता येईल... की बघ, तुझं काहीच हललेलं नाही इथलं.”

वस्तादांनी डबा उलटा करून रिकामा केला, फडक्याने आतून पुसला आणि सबनीसांच्या हातात ठेवला. सबनीसांनी तो जागेवर बसवला. या खेपेला तोंड कुठलं ते विचारलं नाही.

“सीटच्या टोकावर बसून आलात,” वस्ताद म्हणाले. “मी बघत होतो. कंबर दुखत न्हाई?”

“दुखते.”

“पाय पोचत न्हाईत.”

“तो सहा फुटी आहे. आईवर गेलाय.” सबनीस किंचित हसले. “गेला त्या दिवशी सकाळी एक चक्कर मारून आला. सीट तेव्हाची आहे. मी... हलवलेली नाही.”

वस्ताद उठले. गाडीचं दार उघडलं, वाकले, सीटखालची दांडी वर ओढली आणि गुडघ्याने सीट पुढे लोटली.

सर्र... खट्.

“अहो!” सबनीस धावले. “वस्ताद! काय केलंत हे? ते माप त्याचं होतं!”

वस्ताद बाजूला झाले.

सबनीसांनी दांडी ओढली, सीट मागे ढकलली. जास्त गेली. पुढे घेतली. पुन्हा एक खाच मागे... हात थांबला.

“किती सरकवलीत? चार खाचा? पाच?”

“मोजल्या न्हाईत.”

“मीही नाही मोजल्या...”

जन्मभर मोजमापं शिकवलेला तो माणूस उघड्या दारापाशी गुडघे टेकून बसला.

“सहा वर्षं रोज बघतोय, आणि एकदाही मोजून ठेवलं नाही. आता कुठे शोधू मी ते, वस्ताद? तो आला, तर त्याची जागा त्याला कशी देऊ?”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. वस्तादांनी सबनीसांना दंडाला धरून उठवलं आणि सीटवर नसलेली धूळ पंजाने झटकली.

“येईल तेव्हा पाय घेऊनच येईल की, सर. बसा.”