सर्जेरावानं सील बदललं

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. नाव सर्जेराव. अंगानं धिप्पाड, मनानं साधा आणि सांगितलेलं ऐकण्यात पक्का. कुणी काही सांगितलं की तो ते करायचाच. तेवढंच करायचा आणि अगदी तसंच करायचा. त्याची बायको हौसाबाई म्हणायची, "ह्यांना काही सांगायचं म्हणजे आधी दहादा विचार करावा लागतो बाई."

सर्जेरावाकडं एक जुनी पांढरी गाडी होती. हौसाबाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न तीन दिवसांवर आलं होतं. नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवात आणायचा मान ह्या गाडीला मिळाला होता. हौसाबाई हरखून गेली होती. गावातल्या सगळ्या बायांना सांगून झालं होतं.

आणि त्याच सकाळी गाडीखाली काळ्या तेलाचं डबकं दिसलं.

सर्जेरावानं तालुक्याच्या मुबारक मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्रीचा पाय प्लास्टरात होता. तो खाटेवरूनच म्हणाला, "सर्जा, तेल अडवणारं पुढचं ऑइल सील गेलं असणार."

"कुठं गेलं?"

"गेलं रे. कधी ना कधी जातंच ते."

सर्जेराव शोधायला लागला. गोठ्यात बघितलं. कोंबड्यांच्या खुराड्यात हात घातला. शेजारणीला विचारलं, "वहिनी, आमचं सील इकडं आलं होतं का?"

"सकाळपासून तर दिसलं नाही हो," ती म्हणाली.

सर्जेरावानं मिस्त्रीला पुन्हा फोन केला. "गावभर बघितलं. सापडत नाही."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "अरे, गेलं म्हणजे खराब झालं! जुनं काढायचं, तालुक्याला न्यायचं, त्याच मापाचं नवं आणायचं. पण आधी इंजिनातलं ऑइल सोड."

"सोडतो."

सर्जेराव गाडीखाली उताणा झोपला आणि खालचा बोल्ट काढला. सगळं ऑइल त्याच्या तोंडावर आलं. तो तसाच बाहेर आला. हौसाबाईनं आधी किंकाळी फोडली, मग नवरा ओळखला.

"अहो, काही सोडायच्या आधी खाली भांडं ठेवावं!"

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी हौसाबाई म्हणाली, "म्हैस सोडा, पाण्यावर न्यायचीय." सर्जेरावानं आधी घमेलं आणलं. म्हशीखाली नीट सरकवलं. मग दावं सोडलं. म्हशीनं घमेल्यात पाय घातला, आवाजाला बुजली आणि घमेल्यासकट पार ग्रामपंचायतीपर्यंत गेली. तिथं सभा चालली होती. ती मोडली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला विचारत विचारत सर्जेरावानं पट्टा काढला, पुली काढली आणि मागची रबरी चकती ओढून काढली. तेच सील. ते खिशात घालून तो एस.टी. धरायला निघाला. वाटेत शेजारचा कोंडाजी भेटला. डोळे लाल, डोक्याला उपरणं.

"सर्जा, सकाळी आमचे सासरे गेले रे."

सर्जेरावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको. गेले म्हणजे खराब झाले. मी तालुक्यालाच चाललोय. माप दे, नवे आणतो."

कोंडाजीनं पायातलं काढलं. चार माणसांनी दोघांना सोडवलं. त्यातला एक म्हातारा सर्जेरावाला म्हणाला, "लेका, असल्या वेळी बोलू नये. मान खाली घालून गप उभं राहावं."

"बरं. आता तसंच करतो."

तालुक्याला स्पेअर पार्टच्या दुकानात सर्जेराव शिरला. मान खाली घातली आणि गप उभा राहिला.

"काय पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

सर्जेराव गप.

दुकानदारानं तराजूसारखी मान इकडंतिकडं करून त्याचा चेहरा बघितला. "काय झालं पाव्हणं? बरंय ना सगळं?"

सर्जेरावानं एक मोठा सुस्कारा सोडला. दुकानदाराची आई गावाकडं एकटी असायची. त्यानं गल्ल्यावरचा रेडिओ बंद केला, देव्हाऱ्यातल्या फोटोकडं बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं?"

सर्जेरावानं खिशातनं सील काढून काउंटरवर ठेवलं.

नवं सील मिळालं. पण दुकानदारानं ते हातात न देता रस्त्यावर फेकलं.

घरी येऊन सर्जेरावानं मिस्त्रीला फोन लावला. "आणलं."

"शाब्बास. आता बसवायच्या आधी ओठाला तेल लाव."

जरा वेळानं सर्जेराव म्हणाला, "लावलं. कडू लागतंय."

"तुझ्या नव्हे रे! जे बसवायचं त्याच्या ओठाला! सीलच्या आतल्या कडेला ओठ म्हणतात. मग वर लाकूड ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोक. एका बाजूनं ठोकलंस तर तिरकं बसेल. आणि बाकीचं जसं काढलंस तसंच बसव."

सर्जेरावानं जसं काढलं होतं तसंच बसवलं आणि ऑइल भरलं. सकाळी गाडीखाली पुन्हा डबकं. हौसाबाईनं त्याचा सदरा चाचपला, तर नवं सील खिशात.

"अहो, हे काय? जुनंच बसवलंत?"

"तेच तर काढलं होतं."

हौसाबाई मटकन पायरीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न उद्यावर. बहिणीचा मांडव, सगळे पाहुणे, आणि नवरदेव चालत येणार. सर्जेरावाला फार वाईट वाटलं. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "मला एकदाच नीट सांग. मी तसंच करीन."

हौसाबाईनं पदरानं डोळे पुसले. एकेक शब्द तोडून ती म्हणाली, "जे गळतंय ते काढून बाजूला ठेवायचं. त्याच मापाचं नवं घ्यायचं. ते त्याच्या जागी बसवायचं. कळलं?"

"कळलं."

आणि खरंच कळलं. ती शेजारी उभी राहिली, त्यानं नवं सील बसवलं. नवं ऑइल भरलं. गाडी तासभर चालू ठेवली. खाली पांढरा कागद अंथरला होता, त्यावर एक थेंब नाही. हौसाबाईनं त्याला गोडाचा शिरा करून घातला. सर्जेरावाची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एक गोष्ट पुरती कळली होती.

लग्नाच्या दिवशी गाडीला फुलांच्या माळा लागल्या. सर्जेराव देवळापाशी गेला. तिथं बँडवाले वाजवत होते. नवरदेवाला हळदीच्या आंघोळीनं सर्दी झाली होती. नाक सारखं गळत होतं. तो फेटा आणि मुंडावळ्या सीटवर काढून ठेवून देवळाच्या कडेला नाक शिंकरायला गेला.

सर्जेराव त्याच्याकडं बघत राहिला. बराच वेळ बघत राहिला.

इकडं मांडवात सगळे खोळंबले होते. अखेर हॉर्न वाजला. सासूबाई ओवाळायला पुढं झाल्या. गाडीचं दार उघडलं, फेटा दिसला, मुंडावळ्या दिसल्या. त्यांनी कुंकू लावलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. गळ्यात ताशा अडकवलेला बँडवाला गाडीत बसला होता. त्याचे ओठ तेलानं चकाकत होते.

सर्जेरावाचे सासरे अण्णा धावत आले. "जावईबापू, हा कोण? आमचा नवरदेव कुठाय?"

"गळत होता, अण्णा," सर्जेराव म्हणाला. "काढून बाजूला ठेवलाय. हा त्याच मापाचा आहे, मी दोरीनं मोजून घेतलाय."

हौसाबाईनं खांब धरला. सर्जेरावानं डिकी उघडली, लाकडाचा ठोकळा आणि हातोडा काढला आणि बँडवाल्याला म्हणाला, "मान जरा सरळ धरा पाव्हणं. तिरके बसाल."