चौथ्या खांबावरच्या पट्ट्या

त्या राज्यातल्या पाखरांना अभिमान वाटावा अशी एकच वास्तू होती. सातशे वर्षांचं, दगडी, आभाळात सुळका खुपसून उभं असलेलं थोरलं प्रार्थनागृह. ते बांधायला पाखरांच्या नऊ पिढ्या खपल्या होत्या, आणि आता ते नुसतं दाखवायला एक अख्खं खातं लागत होतं.

सगुणा साळुंकी या खात्यात वाटाडी होती. परगावचा थवा आला, की ती त्याला पश्चिमेच्या दारातून आत न्यायची आणि ठरलेला पाठ म्हणायची. "वर बघा. दोन्हीकडच्या कमानी टोकाशी जुळतात, म्हणून छत एवढं उंच गेलं. त्याचा भार खांबांनी घेतला, आणि खांब फाकू नयेत म्हणून बाहेरून दगडी टेकू दिले. भिंती मोकळ्या झाल्या, म्हणून तर या रंगीत काचा बसल्या." मग चौथ्या खांबापाशी थांबून ती सांगायची, "या मातीच्या आडव्या पट्ट्या म्हणजे आमच्या गवंडी पाकोळ्यांची खास कला." पाहुणे माना वाकड्या करून पट्ट्या न्याहाळायचे. पाठातला शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असा खात्याचा दंडक होता.

त्याच खांबाच्या माथ्यावर, दगडी पानांच्या नक्षीत, सगुणाचं घरटं होतं. घरट्यात तीन पिल्लं होती. त्यांना पंख फुटले होते, पण धीर फुटला नव्हता. दिवसभर खालचे पाठ ऐकायचे आणि आई आली की म्हणून दाखवायचे, एवढाच त्यांचा उद्योग. पाठ बिनचूक आला की सगुणा कौतुकानं एक दाणा जास्त भरवायची.

एक दिवस तिला दिसलं, की महिन्यापूर्वीची पट्टी मधोमध तडकली आहे. पाकोळ्यांनी हौसेनं नवी लावली. ती आठ दिवसांत तडकली, आणि तिच्यानंतरची तीनच दिवसांत. ती गयाआजीकडे गेली. गयाआजी म्हणजे पाकोळ्यांमधली सगळ्यांत म्हातारी. तिला आता दिसतही नव्हतं.

"कितवी तुटली म्हणालीस?" आजीनं विचारलं.

"तिसरी, आजी."

"अगं, मग इथं काय बसलीस! ती पट्टी शोभेची नव्हे गं बाई. पहिल्या गवंड्यांना खांबात बारीक चीर दिसली, म्हणून त्यांनी तिच्यावर माती लिंपली. माती शाबूत, तर चीर होती तेवढीच. माती तडकली, तर चीर वाढतेय. मग सगळ्यांना बाहेर काढायचं. आमच्या पोरींनाही मी हे सांगितलं होतं. त्यांना लिंपण्यात गंमत वाटली, बाकीचं कंटाळवाणं वाटलं."

सगुणा तडक खात्याच्या प्रमुखाकडे गेली. हे दादासाहेब पोपट. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सगुणाबाई, परवा स्थापनादिन. राज्यभरातून पाखरं येतील. सातशे वर्षं उभी असलेली वास्तू नेमकी माझ्या कारकिर्दीत डळमळली, असं मी जाहीर करू? तुम्ही दमलात. दोन दिवस विश्रांती घ्या."

पालथ्या घड्यावर पाणी. ती घरट्यात परतली आणि पिल्लांना कडेशी आणून उडायला सांगू लागली. पिल्लं खाली बघायची आणि मागे सरकायची.

स्थापनादिनी प्रार्थनागृहात पंख हलवायला जागा नव्हती. सगुणा चौथ्या खांबापाशी आली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठ सोडून ओरडली, "पळा! खांब फुटतोय! बाहेर पळा!"

एका वयस्कर बगळ्यानं डोळे पुसले. कुणीतरी पंख फडफडवले, आणि पाहता पाहता छत दणाणून गेलं.

"काय जिवंत सांगते हो! अंगावर पिसं उभी राहिली."

"पुन्हा एकदा होऊ दे!"

ती पुन्हा ओरडली. तिचा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि फडफडाट दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी त्या तीन आरोळ्या पाठात घातल्या. आता खात्यातले अकराही वाटाडे चौथ्या खांबापाशी थांबून त्या ठोकत. फक्त तेवढं ऐकायला लांबलांबून थवे येऊ लागले.

नवव्या दिवशी सकाळी नवी पट्टी ओली असतानाच दुभंगली. वरून दगडाची कच घरट्यावर झरू लागली. सगुणा जिवाच्या आकांतानं वर झेपावली, थोरल्या पिल्लाला चोचीनं कडेकडे ढकलत किंचाळली, "पळा! खांब फुटतोय! बाहेर पळा!"

तिन्ही पिल्लांनी आनंदानं माना ताठ केल्या. "पळा! खांब फुटतोय! बाहेर पळा!" त्यांनी एका सुरात, एकही शब्द न चुकता म्हणून दाखवलं, आणि चोची उघडून दाण्याची वाट पाहत बसली.