ताटातलं नाव

एका राज्यात तलवारी पिकत. शेतात नव्हे, किल्ल्याखालच्या भट्टीत. मांत्रिक वज्रनाथ प्रत्येक तलवारीवर राज्यातल्या माणसांची नावं फुंकी, म्हणून ती त्या माणसांना कापत नसे. राजा धरणीधर त्या तलवारी पूर्वेच्या राजाला विकी आणि त्याच्या वैऱ्याला, पश्चिमेच्या राजालाही. वर मिशीला पीळ देऊन म्हणे, "आपल्या माणसाला ओरखडा नाही ना? मग झालं!"

एके सकाळी राणी मृगावतीच्या सज्जात साळुंकी उतरली.

"राणीसाहेब, पूर्वेला दिलेली तुमची लेक चित्रलेखा मरणाला टेकली आहे. पश्चिमेचे स्वार महालात घुसले. तलवारीवर शिक्का तुमच्याच राज्याचा होता. जखम भरत नाही."

राणीने वज्रनाथाची मानगूट धरली. "माझ्या लेकीचं नाव फुंकलं नव्हतंस?"

"फुंकलं होतं. पण लग्नात जावईबापूंनी ताटातल्या तांदळांवर तिचं नवं नाव लिहिलं. ते तलवारीला ठाऊक नाही."

"उतारा सांग!"

"विकणाऱ्याने तीन कामं करावीत. तलवारी परत बोलवाव्यात. त्यांनी कोणाकोणाला कापलं ते उभ्याने ऐकावं. आणि आपल्या हाताने भट्टी विझवावी."

राणीने ते राजाला जाऊन सांगितलं. तो कुरकुरला, "आपण नाही विकल्या, तर दुसरा कोणी विकेल."

"दुसरा विष विकतो म्हणून आपणही दुकान मांडायचं? लाज वाटू द्या, महाराज! उठा!" राणी कडाडली.

राजाने हाक मारली. तलवारी आभाळातून आल्या, दरबारात रांगेने उभ्या राहिल्या आणि एकेक नाव सांगू लागल्या. कोणी धनगर, कोणी न्हावी, कोणी पाणवठ्यावरची सून. एक तलवार नुसतीच गप्प राहिली. तिने कापलेल्या पोराचं अजून बारसंच झालं नव्हतं. आणि हा राजा जांभया दाबत होता!

शेवटची तलवार म्हणाली, "सुनंदा."

"ही कोण?" राजाने विचारलं.

राणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमची लेक! तांदळांवर हेच नाव लिहिलं, तेव्हा पहिला पेढा तुम्हीच खाल्लात!"

धडपडत राजा भट्टीपाशी पोचला आणि घागरीमागून घागर ओतत राहिला. भट्टी विझली. साळुंकीने येऊन सांगितलं, जखम मिटली, लेक उठून बसली.

"हत्तीवरून साखर वाटा!" राजा ओरडला.

"खबरदार!" राणी म्हणाली. "आधी ज्यांची नावं ऐकलीत, त्यांच्या दारी जा. बारसं न झालेल्या पोराच्या आईपासून सुरुवात करा."

लेकीवरचं संकट टळलं, राज्य राणीने मार्गी लावलं. कहाणी इथे थांबली. राजा अजून दारोदार चालतो आहे.