आठ प्रश्नचिन्हांचं वजन

"…मग तीन वर्षं बाई काय करत होत्या, असं विचारायचंच नाही का, बुवा?"

शंतनूने लॅपटॉप पुढे सरकवला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत मठातल्या पोथ्यांची यादी यायला हवी होती. आली होती नुसती प्रश्नचिन्हं, ओळीमागून ओळी.

नागेशबुवा मठाचे प्रमुख. संन्यास घेण्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी कॉम्प्युटर सांभाळण्यात घालवलेलं. शंतनू त्यांचा शिष्य; यादी दाखवणारा प्रोग्राम त्याचाच. यादी टाइप केली होती विमलताई कोपर्डे यांनी. त्यांना कामावरून काढा, असा अर्ज शंतनू लिहूनच घेऊन आला होता. हुशार आहे, पण संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला.

"कुठेतरी पाणी मुरतंय, बुवा. एकच बटण दाबत बसल्या असणार. कोण बघायला येतंय?"

विमलताई दारातच उभ्या होत्या. पदराचं टोक पिळत राहिल्या. मी कोपऱ्यात पोथ्या आवरत होतो; मला बघवेना.

बुवांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नवी फाइल घे. आठ प्रश्नचिन्हं टाइप कर. वजन सांग."

"वजन?"

"किती बाइट जागा खातात?"

"…आठ."

"आता बाईंची पहिली ओळ. तिथे किती दिसतात?"

"आठच."

"तेवढीच वेगळी काढ. वजन सांग."

शंतनूने ओळ वेगळी काढली. आकडा बघून पुन्हा मोजला.

"चोवीस…"

तो बोटांवर हिशेब करू लागला.

"प्रश्नचिन्हाला एक बाइट लागतो," शंतनू स्वतःशीच पुटपुटला. "आपल्या लिपीतल्या चिन्हाला तीन. आठ त्रिक चोवीस… म्हणजे अक्षरं आत आहेत."

"आहेत."

"मग खिडकी खोटं दाखवतेय."

"कुठली लिपी येणार आहे, ते तुझ्या प्रोग्रामने तिला सांगितलं होतं?"

"…सांगावं लागतं?"

बुवांनी कीबोर्डकडे बोट दाखवलं.

शंतनूने प्रोग्राममध्ये लिपी कोणती ते सांगणारी एक ओळ घातली. काळ्या खिडकीत पहिलं नाव उमटलं, 'धान्यबोध'. मग बाकीची शेकडो नावं, काना-मात्रेसकट, एकही चूक नाही.

विमलताईंनी डोळे पुसले. शंतनूची मान वर होईना. त्याने अर्ज उचलला.

"फाडून टाकतो, बुवा."

"कशाला? चांगला लिहिलायस. नाव तेवढं बदल."