हैबतीनं रानाला खत घातलं

एक होतं गाव, आणि त्या गावात हैबती नावाचा फार भोळा शेतकरी होता. रान काळंभोर होतं, पण ते कसायची अक्कल बायकोकडे होती. सगुणा सांगेल ते हैबती करायचा. अगदी तेवढंच करायचा.

एका वर्षी मका गुडघ्याएवढा झाला आणि सगुणा गोठ्यात घसरली. पाय प्लास्टरात, ती खाटेवर. रान हैबतीच्या हातात. वर्षभराची भाकर त्या एका रानावर.

"अहो, मका पिवळा पडला असेल. तेवढा युरिया रानात टाकून या."

हैबतीनं पोतं नेलं. भर उन्हात रानाच्या मधोमध ओतलं आणि टाकून आला.

सगुणानं विचारलं, "मातीआड केलात ना?"

"टाकून या म्हणालीस. टाकून आलो."

"अहो, उघडा टाकला की त्याचा वायू होतो, हवेत उडून जातो! खत मुळाशी गाडायचं असतं."

हैबतीनं कपाळावर हात मारला. "खरंच की! माझं डोकं म्हणजे नुसती टोपी अडकवायची खुंटी. आता गाडल्याशिवाय नाही."

मका पिवळाच राहिला. सगुणानं दुकानातून पातळ खताची बाटली मागवली. "एवढं मक्याला द्या."

हैबतीनं मक्याच्या मुळाशी खड्डा खणला. बाटली बुचासकट गाडली. वरून पायानं माती दाबली.

"उडालं नाही बघ," तो घरी येऊन म्हणाला. "बूच घट्ट आहे."

सगुणानं डोळे मिटले. "ते पाण्यात कालवायचं होतं. पंपानं पानांवर फवारायचं होतं."

"हात्तिच्या! माझ्यापेक्षा आपला बैल शहाणा. निदान तो खड्डे तरी खणत नाही. आता खत म्हटलं की पाणी आणि पंप."

मक्याला कणसं आली. म्हाताऱ्याच्या तोंडात दात असतात तेवढे दाणे आले.

"जाऊ दे," सगुणा म्हणाली. "मका काढा. आता हरभऱ्याचं बघू. रानाला शेणखत द्या. मातीला दम येईल."

हैबतीनं शेण पाण्यात कालवलं. पंपात भरलं. पंप चोंदला. त्यानं नळी तोंडात धरून जोरात फुंकली. मग चुकून श्वास आत घेतला.

घरी आला तेव्हा सगुणानं त्याला आवाजावरून ओळखलं.

"पानं दिसेनात, म्हणून बांध फवारला," तो म्हणाला.

"अहो, शेणखत कुजलेलं हवं! आणि ते रानभर पसरायचं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. वीतभर जागा सुटता कामा नये."

"या बांधापासून त्या बांधापर्यंत," हैबतीनं घोकलं. "तोंडात शेण गेलं ते बरंच झालं. डोक्यात आधीपासून आहेच."

सगुणाला वाटलं, आता खताचं नावच नको. तालुक्याला माती तपासून देतात. तिथले साहेबच काय ते सांगतील.

"अहो, रानातली वीतभर खोल माती काढा आणि साहेबांना नेऊन दाखवा. ते सांगतील तसं करा."

यात चुकण्यासारखं काय होतं? सगुणा निश्चिंत झोपली. पुढं काही दिवस दारावरून ट्रॅक्टर जाताना ऐकू यायचे. गावात पेरणीची घाई दिसते, असं तिला वाटलं.

तालुक्याला साहेब कचेरीबाहेर आले, तर पायरीपासून फाटकापर्यंत मातीचा ढीग. ढिगावर घामाघूम हैबती.

"हे काय आहे?"

"रानातली माती, साहेब. वीतभर खोल. या बांधापासून त्या बांधापर्यंत. कुठं जागा सोडली नाही."

"अहो, ओंजळभर पुरते! आता रानात काय उरलं?"

"मुरूम."

साहेब मटकन पायरीवरच बसले. मूठभर माती उचलून चोळून पाहिली. "माती सोन्यासारखी आहे हो. हिला कसलं खत घालताय? या मातीत नुसता हरभरा पेरा. आणि उशीर करू नका."

हैबतीचे डोळे भरून आले. त्यानं साहेबांचे पाय धरले. "बरं झालं तुम्हाला विचारलं, साहेब. मी इतका खुळा, घरी जाऊन मुरमातच पेरणार होतो!"

त्यानं धोतर खोचलं, गावाहून बियाणं आणि बैल जुंपलेली पेरणीची पाभर आणली आणि कचेरीच्या दारात हरभरा पेरला.