बगळे गुरुजींचा शांत वर्ग

मुलांनो, एका जंगलात तळ्याच्या काठी एक बगळा राहत असे. एका पायावर तासन् तास उभे राहावे आणि पीसही हलू देऊ नये, यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. ही शिस्त पाहून जंगलातल्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे हत्तीण, एकदा त्याला म्हणाल्या, "यंदा पहिलीचा वर्ग तुम्ही घ्या. पिल्लं जरा वांड आहेत." बगळ्याने मान झुकवली आणि तेव्हापासून तो गुरुजी झाला.

शाळा उंबराच्या झाडाखाली भरत असे. सुट्टी संपायला पंधरा दिवस होते. तेवढ्या दिवसांत गुरुजींनी पळसाच्या पानांवर नियम लिहून काढले. 'हलू नये. बोलू नये. हसू नये. विचारल्याशिवाय शिंकू नये.' असे करता करता एकवीस नियम झाले. एकविसावा होता, 'वरील नियम का केले, ते विचारू नये.' ती पाने त्यांनी बाभळीच्या काट्यांनी खोडावर टोचली आणि दोन पावले मागे सरून पाहिले. रिकामा वर्ग मोठा शिस्तीत दिसत होता.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. खार, ससा, माकड आणि बेडूक, सगळी एवढी एवढीशी, आपापल्या आईचे बोट धरून आली. सशाला रडू आवरत नव्हते. माकडाच्या आईने जाता जाता तिसऱ्यांदा त्याचे तोंड पुसले. आया दिसेनाशा झाल्यावर गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांनी माझ्यासारखं उभं राहायचं. एक पाय वर."

"कुठला?" माकडाने विचारले.

"बोलू नये. बाहेर जा."

मग गुरुजींची नजर खारीकडे वळली. "तुझी शेपटी हलते आहे."

"गुरुजी, ती माझं ऐकत नाही."

"मग दोघी बाहेर जा."

ससा बिचारा कसाबसा एका पायावर उभा होता, पण त्याचे नाक थरथरत होते. ते आपोआप हलते, असे त्याने सांगून पाहिले. बोलल्याबद्दल तोही बाहेर गेला. बेडूक मात्र दगडासारखा निश्चल होता. गुरुजी त्याच्यावर फार खूश झाले. खरी गोष्ट अशी होती, की बगळ्याची चोच इतक्या जवळून त्याने कधी पाहिलीच नव्हती. शाबासकी द्यायला गुरुजी खाली वाकले मात्र, बेडकाने जी उडी मारली ती थेट तळ्यात.

दुपारी मोठ्या बाई फेरी मारत आल्या. गुरुजी एकटेच पाढे शिकवत होते.

"मुलं कुठे आहेत?"

"बाहेर आहेत, बाई. पण वर्ग शांत आहे."

बाईंनी बाहेर डोकावले. बाहेर काढलेली मुले केव्हाच घरी गेली होती. बाई म्हणाल्या, "गुरुजी, शनिवारपर्यंत इथे मुलं दिसली नाहीत, तर मला पहिलीचा वर्ग बंद करावा लागेल. मग तुम्ही आपले तळ्यावर."

दुसऱ्या दिवशी कोणी फिरकले नाही. ऊन डोक्यावर आले, तेव्हा धापा टाकत एक छोटे कासव आले.

"शाळा काल सुरू झाली," गुरुजी म्हणाले. "इतका उशीर?"

"उशीर नाही, गुरुजी. मी काल सकाळी वेळेवर निघालो होतो." कासवाने मान लांब करून चहूकडे पाहिले. "बाकीची मुलं कुठे आहेत? आई म्हणाली होती, शाळेत मित्र असतात."

"बोलू नये."

कासवाने डोके आत घेतले. चारही पाय आत घेतले. शेपटीही घेतली. हलणे नाही, बोलणे नाही, हसणे नाही. असा विद्यार्थी मिळावा, असे गुरुजींना पंधरा दिवस वाटत होते. त्यांनी आनंदाने एकपासून दहापर्यंत अंक शिकवले आणि विचारले, "एक आणि एक किती?"

उत्तर आले नाही.

"आता बोलायला परवानगी आहे."

तरीही नाही. गुरुजींनी चोचीने पाठीवर हलकेच टकटक केले. आतून बारीक आवाज आला, "गुरुजी, मला घरी जायचं आहे. पण आत्ता निघालो तर उद्या पोचेन." आणि मग मुसमुसणे ऐकू येऊ लागले.

गुरुजींचा वर धरलेला पाय नकळत जमिनीवर टेकला. तळ्याकाठी त्यांनी जन्मभर शांतता पाहिली होती, पण ही शांतता त्यांना सोसवेना. ते कासवाशेजारी खाली बसले. "बाळा, मोठ्या बाई तुला पाठीवर घेऊन घरी सोडतील. उद्या एकदाच ये. मुलं असतील, हा माझा शब्द."

शब्द देणे सोपे होते. तो पाळायला गुरुजी त्या दुपारी घरोघर फिरले. खारीची आई दारातच म्हणाली, "या. पण आमच्या शेपटीचं तुमच्याकडे जमत नाही म्हणे."

"माझंच चुकलं. उद्या दोघींना पाठवा."

माकडाच्या आणि सशाच्या आईचेही बोलणे त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. बेडकाची आई काही पाण्याबाहेर आली नाही. तळ्याच्या मधोमध, कमळाच्या पानाआडून तिने विचारले, "गुरुजी, तुम्ही शाळेत जेवून येता ना?"

"पोटभर जेवून येईन. वर्गात चोचही मिटलेली ठेवीन."

"मग शिकवणार कसे?"

गुरुजींनी सांगायला चोच उघडली आणि घाईने पुन्हा मिटली. बेडकाच्या आईला हसू आले, आणि हसू आल्यावर तिला नाही म्हणता येईना.

तिसऱ्या दिवशी सगळी आली. कासव मोठ्या बाईंच्या पाठीवरून आले आणि जमिनीवर उतरताच पुन्हा कवचात शिरले. खोडावरची नियमांची पाने गुरुजींनी सकाळीच काढून टाकली होती. मुलांमध्ये बसत ते म्हणाले, "सुट्टीत कोणी काय काय केलं, ते मला सांगा."

झाले. सगळी एकदम बोलू लागली. खारीने बिया पुरल्या होत्या आणि कुठे पुरल्या ते ती विसरली होती. माकड झाडावरून कसे पडले ते दाखवण्यासाठी झाडावर चढले. ससा ओरडून सांगत होता की तो कशालाच घाबरत नाही, आणि बेडूक गुरुजींपासून दहा हात दूर बसून ओरडत होता. गुरुजींचे कान किटले. एकवीसच्या एकवीस नियम त्यांच्या जिभेवर आले, पण त्यांनी ते गिळले.

त्या गोंधळात कवचातून आवाज आला, "मी शाळेत यायला दीड दिवस चाललो."

सगळी वळली. चार उड्यांत शाळेत पोचणारा ससा म्हणाला, "दीड दिवस? वाटेत काय काय होतं?"

कवचातून आधी नाक आले, मग डोळे. "आधी," कासव म्हणाले, आणि थांबले, "एक वारूळ लागलं."

कासव फार सावकाश बोलत असे. एक वाक्य झाले की दुसरे यायला वेळ लागे. पण ती वाट बाकी कोणी पाहिलेली नव्हती. खारीने पानांची सळसळ होऊ नये म्हणून आपली शेपटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. माकड गुपचूप खाली उतरले. नीट ऐकू यावे म्हणून बेडूक पुढे पुढे सरकत गुरुजींच्या पायाशी येऊन बसला, आणि ते त्याच्या लक्षातही आले नाही.

मधली सुट्टी झाली, तरी गोष्ट वारुळापाशीच होती. मुलांनी दुसऱ्या दिवशी घरी कोणी उठवायच्या आत शाळा गाठली.

शनिवारी मोठ्या बाई दबकत आल्या. पाचही मुले अगदी चिडीचूप बसलेली पाहून त्या चकित झाल्या. "गुरुजी, हा कुठला नियम?"

"बाई, जरा हळू बोला," गुरुजी कुजबुजले. "कासव आत्ताच ओढ्यापाशी पोचलंय."

तात्पर्य : आधी मुलांचे ऐकावे, मग मुलेही ऐकू लागतात.