दोराची खाच असलेला खांब

पेत्राविवा गावच्या चर्चचे खांब आतल्या क्रूसापेक्षा जुने आहेत. दारातल्या डाव्या खांबावर कमरेच्या उंचीला एक खोल खाच आहे. घंटा वाजवणारे म्हातारे रेमिजिओ पाहुण्यांना तिच्यात बोट घालायला लावतात आणि मगच सांगू लागतात.

फार पूर्वी हे रोमन लोकांच्या एका देवीचे देऊळ होते. गावच्या बायका बाळंतपणासाठी इथेच येत म्हणे. पुढे राजाने नवा धर्म घेतला, देवळातली पूजा बंद झाली, आणि शहराच्या तटासाठी इथले दगड काढून न्यायचा हुकूम आला.

गवंड्यांनी खांबाला दोर बांधून बैल जुंपले, त्याच सकाळी वेट्टिया नावाची म्हातारी कळा देणाऱ्या सुनेला घेऊन आत शिरली. सुनेची आधीची दोन बाळे घरी जन्मली आणि घरीच गेली होती. तिसऱ्याला वेट्टिया घरी जन्मू देणार नव्हती.

छप्पर पडेल, बाहेर निघा, असे मुकादम ऊर्सुसने बजावले. ती आतूनच म्हणाली, "बाळंतीण उठेल तेव्हा उठेल. तुझी आई याच फरशीवर बाळंत झाली, विसरलास?"

गवंडी हसले. ऊर्सुसने बैल थांबवले, पण सोडले नाहीत.

बाळ जन्मले, पण रडले नाही. वेट्टियाने त्याला चोळले, उलटे धरले, पाठीवर थापट्या मारल्या. ओठ निळे पडत चालले. दारात नवा धर्मगुरू दोनातुस उभा होता. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळी न लागताच पोर जाईल आणि स्वर्गाला मुकेल म्हणून त्याचा जीव कासावीस झाला होता, पण परक्या देवीच्या उंबऱ्यावर पाऊल अडले होते. बाळाला बाहेर आणा, असे तो विनवत राहिला. नाळ अजून कापली नव्हती.

"घर कुणाचं ते मागाहून ठरवा, बाबा," वेट्टिया म्हणाली. "आधी आत या."

तो आत आला. देवळातल्याच झऱ्याचे गारठलेले पाणी त्याने बाळाच्या कपाळावर ओतले. बाळाने टाहो फोडला. त्या आवाजाने बाहेर बैल बुजले, दोर ताणून खांबात रुतला, खांब करकरला, वरून धूळ गळू लागली. ऊर्सुसने कुऱ्हाडीने दोर तोडला. जिथे बाप्तिस्मा झाला ती जागा मी पाडणार नाही, असे सांगून तो बैल घेऊन गेला. पुढे दोनातुसने तिथेच क्रूस उभारला, असे सांगतात.

आजही इथे बाप्तिस्म्याच्या वेळी त्या खाचेत दोर गुंडाळतात आणि टोक बाळाच्या आजीच्या हाती देतात. बाळ रडेपर्यंत ती ते सोडत नाही, कोणी बोलतही नाही. मागे एका नव्या फादरना दया आली आणि त्यांनी पाणी कोमट केले. बाळ झोपूनच राहिले. आजी दोर धरून उभीच राहिली, कोणी जागचे हलेना. शेवटी रेमिजिओच उठले आणि झऱ्यावरून ओंजळ भरून घेऊन आले.